हॉलमधला हिरवा भोपळा

आमच्याकडे एकच खोली होती. स्वयंपाक तिथे, झोपणं तिथे, वडिलांचं आजारपणही तिथेच. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर आई एसटी स्टँडच्या भिंतीला लागून भाजी विकायला बसायला लागली. मेथी, वांगी, आणि सगळ्यात जास्त खप लाल भोपळ्याचा, कारण तो फोडी करून विकता येतो. अख्खा भोपळा स्टँडवर कोण घेणार?

पण त्या भोपळ्याची एक भानगड होती. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाप्या माणसाने लावायची, बाईने नाही. पुढच्या फोडी बाईने केल्या तर चालतात. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईने चिरला तर त्याच्यावर बेततं, असं आई सांगायची. आमच्या घरात ना मुलगा, ना बाप्या. म्हणून रोज सकाळी मी भोपळा कडेवर घेऊन शेजारच्या सायकलवाल्यासमोर उभी राहायचे. त्याचा चहा व्हायचा, तंबाखू मळून व्हायची, एखादं पंक्चर निघायचं. मग तो म्हणायचा, "आण इकडं. अडला ना भोपळा माझ्यावाचून?" आणि एक चीर द्यायचा. तोवर पहिल्या गाडीची गिऱ्हाइकं निघून गेलेली असायची. आई हसून त्याला एक फोड द्यायची. तिचं ते हसणं मला आवडायचं नाही.

त्या भाजीवर मी शाळा केली आणि कॉलेजही. बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे मी कुणालाही सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

लग्न करून दुबईला आले, तर पुन्हा एकच खोली. खोली तरी कसली, अल कुसैसमध्ये दुसऱ्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये प्लायवूड ठोकून केलेला कप्पा. पलीकडचा माणूस घोरला की आमची तान्ही मुलगी दचकायची. पुढे मला एका फ्रेट कंपनीत, जहाजाने जाणाऱ्या मालाच्या डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं आणि आम्ही स्वतःच्या नावावर वन बेडरूम भाड्याने घेतलं. हॉल आमचा झाला, पण आम्हाला काही मिळाला नाही. नवऱ्याचा धाकटा भाऊ व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आला, आणि लागली ती नाइट ड्युटी. तो दिवसा हॉलमध्ये झोपायचा. पडदे ओढलेले, टीव्ही बंद, आणि मुलगी चवड्यांवर चालतेय. माणूस चांगला होता, माझी तक्रार नाही. पण मुलीने कधी एका मैत्रिणीला घरी आणलं नाही.

का, ते मला शाळेच्या गेटवर कळलं. एका मुलीची आई म्हणाली, "आपके घर का पेंटिंग अभी तक चल रहा है क्या?" आमची पोर दोन वर्षं सगळ्यांना सांगत होती, घराला रंग चालू आहे.

यंदा दिराला रास अल खैमाला सिरॅमिकच्या फॅक्टरीत नोकरी लागली, राहायची सोय कंपनीची. शनिवारी सकाळी नवरा त्याची गादी, टेबल फॅन आणि दोन बॅगा गाडीत कोंबून त्याला पोचवायला गेला. आणि मुलीने त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मैत्रिणी बोलावल्या. हॅलोविन पार्टीला.

"मम्मा, हॉल इज फ्री नाऊ, ना?"

"अगं, तुझ्या काकाची उशी अजून गरम असेल."

मला त्या शनिवारी फक्त झोपायचं होतं. महिनाअखेर म्हणजे आमच्या ऑफिसात कंटेनरवर कंटेनर, आठवडाभर डोळे चुरचुरत होते. पण मुलीने हॉलच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "दे विल कम, ना? कुणी नाही आलं तर?" मग उठले.

आई दिवाळीसाठी आमच्याकडे आलेली होती. बाल्कनीत आकाशकंदील अजून तसाच होता.

"आता कुठं लक्ष्मीला घरात घेतलं," आई म्हणाली, "आणि लगेच भुतांना आवतण?"

"खोटी भुतं आहेत, आई."

"खरी असती तर निदान कामाला हात लावला असता."

तोंड चालू होतं तरी चिकटपट्टी तोडून देत होती तीच. काळ्या कागदाची वटवाघळं आम्ही दिराच्या गादीच्या जागी, भिंतीवर लावली. तिथे त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तोही झाकला गेला. पाकिटातून कोळ्याची जाळी निघाली, कापसासारखी. ती मी पडद्याच्या दांडीवर ताणून बसवायला लागले, तेव्हा मात्र आईने कपाळाला हात लावला. "जन्मभर केरसुणी घेऊन जाळी काढली. तू एवढी शिकलीस, ती विकत आणून लावायला?"

मग भोपळा, डोळे-दात कोरून आत दिवा ठेवायला. मुलीला केशरी, गोल हवा होता. मॉलपर्यंत जायचं माझ्यात त्राण नव्हतं, म्हणून खालच्या मल्याळी भाजीवाल्याकडून आणला होता. हिरवा, चपटा, अंगावर पांढुरके पट्टे.

"मम्मा! इट्स ग्रीन!"

"आतून केशरी आहे."

"बट नोबडी सीज द इनसाइड!"

"कापणारच आहोत ना आपण? मग दिसेल."

आणि इथे गाडी अडली. आईने सुरी उचलून फ्रिजवर ठेवून दिली. जावईबापू आल्याशिवाय भोपळ्याला हात लावायचा नाही. मी नवऱ्याला फोन केला.

"अगं, रूमची चावीच नाही मिळाली अजून. सुपरवायझर म्हणतो, इन्शाल्ला अर्ध्या तासात."

म्हणजे संध्याकाळ गेली.

"आजी, इट्स जस्ट अ व्हेजिटेबल!"

"काय म्हणते ही?"

"म्हणते, भाजीच तर आहे."

"भाजीच आहे. त्या भाजीवर तुझी आई वाढली, सांग तिला." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "खालच्या वॉचमनकडं पाठव पोरीला. एक चीर देईल बिचारा, त्यात काय."

मुलीला तेवढंच पाहिजे होतं. तिने चपला घातल्या, भोपळा कडेवर घेतला आणि दाराकडे निघाली. वजनाने एका बाजूला कलली होती.

"खाली ठेव तो," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"बट आजी सेड..."

"खाली ठेव. माझी मुलगी भोपळा घेऊन कुणाच्या दारात उभी राहणार नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजवरून सुरी काढली, हॉलमध्ये पेपर पसरला आणि बसले.

"लेकुरवाळी आहेस, बाय," आई हळूच म्हणाली. "नको."

"मला एकच आहे, आई. थोरली तीच, धाकटी तीच."

सालीत सुरी शिरेना. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आई येऊन समोर बसली. "हात कापून घेशील," म्हणत तिने भोपळा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि तोंड बाल्कनीकडे वळवलं. "काप आता. मी बघत नाही."

मी कापला. आतून केशरीच निघाला.

आई तशीच उठली आणि मीठ-मिरच्या घेऊन आली. आधी माझी दृष्ट काढली, मग नातीची, आणि मिरच्या गॅसवर टाकल्या. घरभर ठसका. मुलीने कसेबसे डोळे आणि दात कोरले, आत सेलवर चालणारी मेणबत्ती ठेवली आणि बेल वाजली. एकेक मुलगी खोकत आत आली. त्यातल्या एकीने विचारलं, "वाव, इज दॅट अ स्मोक मशीन?"

"येस," आमची पोर म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही.

नंतर त्या हिरव्या भोपळ्याभोवती बसून सगळ्याजणी काहीतरी खेळत होत्या, किंचाळत होत्या. आईने भोपळ्याचा गर किसून घारगे तळले, तेही संपले. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होते, पाय सुजलेले. "पेंटिंग छान झालंय," असं कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, ते ऐकू आलं. हसायला पाहिजे होतं, पण तेवढीही ताकद नव्हती.

नवरा आला तेव्हा आई केरसुणी घेऊन जाळी काढत होती. त्याने कापलेला भोपळा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "कुणी कापला?"

"तिनं," आई म्हणाली. "धरला मी."

आमच्या घरात आता एक हॉल आहे. त्यात कुणाची गादी पडत नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणी तिथे येऊन बसून गेल्या.