आपण जावेत गेलो की

एकोणीसशे साठ साल उलटल्यावरची गोष्ट. बंगळुरात बसवनगुडीत आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब राहायचं. तिथली मुलगी माझी जिवलग मैत्रीण, दोघी एकाच शाळेत शिकवायचो. मराठी ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली, आईच्या पोळ्या खात खात, पण एका जागी कायम अडखळायची. कानडीत ‘नावु’ म्हटलं की झालं, समोरचा त्यात असो वा नसो. मराठीत ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. ही बया सगळीकडे ‘आम्ही’ ठोकून द्यायची.

“‘आम्ही कॉफी घेऊ’ म्हणालीस तर मला मिळणार नाही,” मी बजावायची. “‘आपण’ म्हणालीस तर मी कप पुढे करीन.”

“सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, असं ती म्हणायची, आणि पुन्हा चुकायची.

सुटीला आम्ही लालबागेत जायचो. झाडांवरच्या पाट्यांवर त्यांचं मूळ गाव लिहिलेलं असे: जावा, मलाया, सिलोन. त्या वाचता वाचताच आमचा प्रवास ठरला. आधी सिलोन, मग बोटीनं पिनांग, पुढे सयाम, शेवटी जावा. घाई करायची नाही, ही माझी अट. करमेल तिथं राहायचं, अननस खायचे, कंटाळा आला की पुढची बोट.

“आम्ही जावेत गेलो की मी पोहायला शिकणार,” ती म्हणायची.

“आपण!” मी ओरडायची. लोक वळून बघायचे.

या प्रवासापायी मी एक चांगलं स्थळ परत पाठवलं. आईनं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही, मी मनानं केव्हाच बोटीत चढले होते.

एका रविवारी सकाळी ती आली, व्हरांड्यात बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “आम्ही उन्हाळ्यात निघणार. आधी सिलोन, मग पिनांग.”

“आपण!” मी सवयीनं म्हटलं. आनंदानं माझा आवाज चढला होता.

“नाही गं. आम्हीच. मी आणि माझ्या दोघी मावसबहिणी. तिकिटं झाली. आईला सोडून यायला तुला स्वल्प कठीण, म्हणून विचारलं नाही.”

आई आत चांगली धडधाकट, पापड लाटत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रस्ता माझा, अटही माझी, आणि “सावकाश जाणार, घाई नाही,” हे ती मलाच ऐकवत होती. मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, त्या ओरडून म्हटलेल्या ‘आपण’ची.

एकदाचं सांगून टाकल्यावर तिला हायसं वाटलं असावं. आतून कॉफीचा वास आला तशी ती नेहमीसारखी उठली. “चल, आपण कॉफी घेऊ.”

इतक्या वर्षांत न सांगता पहिल्यांदाच तिचं बरोबर आलं होतं.

“आमची झाली,” मी म्हटलं.

फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन अजून उतरतच होतं. ती दारात क्षणभर थांबली, मग तिनं चपला घातल्या.