गणपतनं मालिकेत घेतलेली आण

गणपत उतेकरला नदीकाठी अग्नी देऊन आम्ही वाडीत परत आलो, पायांवर पाणी घेतलं, आणि शेजारच्या घरातून गणपतचाच आवाज आला. "या घरात मी पाहुणा नाही, मालक आहे." खणखणीत. सगळे जागच्या जागी थिजले. शेजारची म्हातारी घरात एकटीच, तिला भान राहिलं नव्हतं, रोजच्या वेळेला हात सवयीनं रिमोटवर गेलेला. चित्रीकरण आधीच होऊन गेलेलं असतं, त्यामुळं माणूस गेला तरी मालिकेत तो चालता-बोलता होता. कोणीतरी टीव्ही बंद करायला धावलं, तर गणपतची बायको अनसूया आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाक्य तरी पुरं हुंदे त्यांचं." आम्ही अंगणात उभ्यानं ऐकलं…

गणपत माझा लंगोटीयार. मी चौथीतून शाळा सोडली, तो सातवी झाला, आणि तेवढ्यावर तो जन्मभर मला अडाणी म्हणत आला. तो मुंबईला गिरणीत लागला, कामगारांच्या नाटकांत कामं करायचा, बहुतेक खलनायकाची. मी इथंच वरंधच्या बाजूला भातशेती केली. म्हातारपणी तो गावी परतला, आणि जुन्या नाटकवाल्या सोबत्यानं त्याला मालिकेत चिकटवला. ती मालिका इतकी जुनी की तिच्यातलं पाळण्यातलं पोर आता लग्नाला आलंय. त्या घरात हा एक दिवस नवाच उगवला. मेला म्हणून समजलेला थोरला भाऊ, अण्णा. आल्या दिवसापासून घराच्या सुनेला छळणारा. आमच्या बायका त्याला एसटीच्या थांब्यावर गाठून विचारायच्या, भावजी, त्या गरीब पोरीच्या मागं का लागलाव? तो म्हणायचा, लिवणाऱ्याला विचारा गो, मी नुसता बोलतो. महाडात एका दुकानदारानं त्याला चहा दिला आणि साखर मुद्दाम घातली नाही. गणपतला त्याचा केवढा अभिमान.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. आमच्या झोलाईदेवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान उतेकरांच्या घराचा. गावाचं जे काही सुखदुःख असेल ते त्या घरच्या माणसानं उभं राहून मोठ्यानं देवीला सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावानं हुंकार दिला नाही तर ते वाक्य देवीपर्यंत पोचलं नाही, असं मानतात. गाऱ्हाणं पुरं झालं की मग गुरव मूर्तीला फुलं लावून कौल मागतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गणपत पालखीपुढं उभा राहिला की मुंबईची पोरंसुद्धा मोबाईल खिशात घालायची.

मालिकेत एक दिवस अण्णाला देवापुढं खोटी आण घ्यायची होती, की सुनेचं मूल या घराचं नाही. लिहून आलेले शब्द कोरडे वाटले म्हणून दिग्दर्शकानं विचारलं, तुमच्या गावाकडं काय म्हणतात? आणि गणपत बोलण्याच्या ओघात आमचंच गाऱ्हाणं बोलून गेला. झोलाईच्या नावासकट. आम्ही ते घरी बसून बघितलं. माझ्या बायकोचा हात भातातच राहिला. म्हणाली, "हे काय केलंन यानं?"

एरवी चार दिवस कुजबुज झाली असती आणि विषय मिटला असता. पण पाऊस लागून राहिला होता, आणि त्याच आठवड्यात वाडीच्या वर डोंगराला चीर दिसली. तळीयेत डोंगर खाली आला तेव्हापासून आमच्याकडं असली गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. चिरेच्या बरोबर खाली बबन सकपाळचं घर, त्यात त्याची नातवंडं. त्यानं गावकी बोलावली. म्हणाला, कौल लावा. देवी कोपली असेल तर उतेकरांचा मान काढून घ्या. मी म्हटलं, अरे, ते नाटक होतं. बबन ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "नाटक माणसांसाठी, दादा. देवीला काय ठाव, तिथं कॅमेरा हाय म्हणून?"

गणपतचं तोंड काळंठिक्कर पडलेलं. मालिका गेली असती तर त्यानं पानाची पिंक टाकावी तशी ती सोडून दिली असती, पण हा मान बापाकडून आलेला. तो उठला. म्हणाला, "लावा कौल. पण गाऱ्हाण्याबिगर कौल लागत नाय, आणि गाऱ्हाणं माझ्या घराचं. माझ्यावरचं गाऱ्हाणं मीच घालणार."

देवळाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. गुरव हातात फूल धरून मूर्तीशी बसला. गणपत उभा राहिला. आई झोलाई, तुझी लेकरं पायाशी आलीत. व्हय म्हाराजा. डोंगराला चीर गेलीय, वाडीला घोर लागलाय. व्हय म्हाराजा.

"तुझ्या नावानं गणपत उतेकरानं खोटी आण घेतलीन."

कोणी बोलेना. नुसता पत्रा वाजत होता. मी दात आवळून धरले होते. बबनकडं बघितलं, त्याचे ओठ हलले, आवाज नाही. गणपतनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. मग गणपत मागं वळला.

"का रे, जिभा गळल्या काय? बबन, तुझंच म्हणणं हाय ना? मग बोल."

बबन मटकन खाली बसला. "नाय बोलवत, गणपतदा."

गुरवानं फूल ताटात परत ठेवलं. अर्ध्या गाऱ्हाण्यावर कौल लागत नाही. लोकांनी श्वास सोडला, बाहेर चहा आला, चिरेखालची घरं पावसाळाभर शाळेत नेऊन ठेवायचं ठरलं. डोंगर जागेवर राहिला. शिमग्याला गाऱ्हाणं गणपतनंच घातलं, आणि बबननं सगळ्यांत मोठ्यानं हुंकार दिला. लोकांच्या लेखी विषय संपला.

गणपतच्या लेखी संपला नव्हता. चैत्रात त्याला महाडला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी भेटायला गेलो. नळ्या लावलेल्या. माझा हात धरून म्हणाला, "तुम्ही मला सोडलंव. तिनं सोडलं का, ते कळलं नाय." मी म्हटलं, पोरासारखं बोलू नको. तर म्हणाला, आण घेताना कॅमेऱ्यापुढं अंगावर काटा आला होता, नाटकात येत नाही तसा. शब्द तोंडातून गेले आणि थांबवता आले नाहीत… मग म्हणाला, "घरी आलो की परत उभा ऱ्हातो. तू एकट्यानं व्हय म्हण. एकाचा हुंकार पुरतो. निकाल लागूंदे."

मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा मागितलं, मी पुन्हा नाही म्हणालो. त्यानं हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. तेच शेवटचं. आज कोणी विचारलं तरी माझं उत्तर बदलणार नाही. आपल्या मित्रावरच्या आरोपाला आपलं तोंड द्यायचं की नाय, हे देवीसुद्धा मला सांगू शकत नाय.

मालिका चालू आहे. आता त्या घरात दुसराच अण्णा फिरतो, तीच शाल, तीच काठी. माणूस वाईट नाही, पण पायरी चढताना आधी डावा पाय टाकतो. अनसूया बघत नाही. परवा तिनं मला विचारलं, भावजी, आता तरी कौल लावता का? ते तळमळत गेले. मी म्हटलं, गो, गाऱ्हाणं कोण घालणार? पोरगा मुंबईला, त्याला शब्द येत नाहीत. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. समोरासमोर बोलत असतील आता."

मी रोज संध्याकाळी देवळात जातो. आरतीला गर्दी असली तरी माझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडतो. कोणी पुढं सरकलाच, तर कोपरानं मागं करतो. कारण सांगत नाय.