तीन अध्यक्ष आणि सरकीचं गोदाम

मला कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तहसील कचेरीतली अख्खी नोकरी मी 'बघतो, करतो' यावर काढली आणि चांगला बाबू म्हणून ओळखला गेलो, कारण 'बघतो' म्हटल्यावर लोक निदान त्या दिवशी तरी घरी जायचे. निवृत्त झालो तसं गावानं मला वाचनालयाचा सचिव केलं. तेव्हाही नाही म्हणता आलं नाही.

वाचनालय म्हणजे त्या काळात माझ्याच घरातली मागची खोली. पंचायतीची जुनी खोली पाडली आणि पुस्तकं पोत्यांत भरून माझ्याकडे आली. मागोमाग भजनी मंडळाची पेटी-तबला आला, दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, खेळणाऱ्या मंडळींचे मुकुट आणि लाकडी तलवारी आल्या. बायको म्हणाली, "अहो, मले न्हाणीत जायचं म्हटलं तं राजाच्या मुकुटावरून उडी मारा लागते. याचं काही करा, नाहीतर मी चालली वणीले, भावाकडं."

पुस्तकं, तालमीची जागा आणि लहानसा रंगमंच एकाच छपराखाली आणायचं सगळ्यांच्या मनात होतं. तसं छप्पर आमच्या गावात एकच. बस स्टँडजवळचं, शेठजींच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधलं सरकीचं गोदाम. मात्र शेठजींची मुलं ते एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायच्या बेतात होती. ते गेलं तर राजाचा मुकुट कायमचा माझ्या न्हाणीच्या दारात राहणार होता, आणि बायको वणीला.

मी शेठजींकडे गेलो. ते म्हणाले, "गोदाम देतो बाबूजी. पण असं घरात बसून नाही, साऱ्या गावासमोर सांगीन. सभा घ्या. अध्यक्ष कोण हाये मंग?"

हातात त्यांच्याच घरच्या चिवड्याची बशी होती. मी म्हणालो, "तुमच्याशिवाय कोण, शेठजी?"

"मंग अध्यक्षीय भाषणातच जाहीर करतो."

तिथून डॉक्टरांकडे गेलो. अर्धा तालुका त्यांच्या हातावर जन्मलेला. तरुणपणी गावच्या नाटकांत ते बायकांची कामं करायचे, म्हणून रंगमंचाचे पडदे आणि दिवे ते देणार होते. माझ्या दंडाला बीपीचा पट्टा आवळून त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कोण?" दंड त्यांच्या ताब्यात होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच की." पट्टा लगेच सैल झाला. "एकदम नॉर्मल आहे," ते म्हणाले.

राहिल्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, चौथीत मला शिकवलेल्या. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं त्या काचेच्या कपाटांसकट देणार होत्या. "अध्यक्ष कोण रे?" त्यांनी विचारलं आणि मी साठीतला माणूस झटकन उभा राहिलो. "तुम्हीच, बाई." "बस खाली," बाई म्हणाल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "एका सभेले तीन अध्यक्ष? बाप्पा! लग्नात तीन नवरदेव उभे करता काय आता?"

पण मी काय कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. निमंत्रणपत्रिकेत छापलं, 'मान्यवरांच्या अध्यक्षतेखाली'. मांडववाल्याकडून लग्नातल्या लाल गादीच्या तीन सारख्या खुर्च्या आणल्या आणि अशा काही गोल मांडल्या, की प्रत्येकाला आपणच मधे बसलोय असं वाटावं. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गाव लोटलं. दीप लावला, शाली दिल्या, नारळ दिले. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो, की माइकवर येऊन छाती फुगवून म्हणालो, "आता डॉक्टरसाहेब दोन शब्द बोलतील."

डॉक्टर जागचे हलले नाहीत. हसून म्हणाले, "आधी शेठजी बोलतील. अध्यक्ष शेवटी बोलतो."

तेवढं माझ्या डोक्यातून गेलं होतं. आमच्याकडे अध्यक्ष शेवटी बोलतो हे शाळेतली पोरंही जाणतात. जो आधी उठला त्याचं अध्यक्षपद गेलं.

"बरोबर हाये," शेठजी म्हणाले. "म्हणून बाईंले बोलू द्या."

"मी शेवटीच बोलणार," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

माइक चालू होता. मैदानात खसखस पिकली. मी डॉक्टरांकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं, बाईंकडे पाहायचं टाळलं. टाळून काय होणार?

"इकडे बघ," बाई म्हणाल्या. "कोणाकोणाला अध्यक्ष केलंस?"

माझं तोंड माइकसमोरच होतं. "बाई, तिघांनाही."

मैदानात हशा फुटला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "बाबूजी, मले बी सांगतलं असतं तं मी बी आली असती नवं लुगडं नेसून!" मागून कोणी म्हणालं, "अबे, उपाध्यक्ष कोण हाये ते तं सांग!"

शेठजी मात्र हसले नाहीत. शाल खांद्यावरून काढून उभे राहिले. "माही फजिती कराले बोलावलं काय?" मागं उभा असलेला त्यांचा थोरला मुलगा जीपचं दार उघडून म्हणाला, "चला बाबा, मी तं आधीच म्हणत होतो." शेठजी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरू लागले. त्यांच्याबरोबर गोदामही उतरत होतं आणि माझ्या तोंडून 'बघतो'सुद्धा निघेना.

तेवढ्यात डॉक्टर उठले. अंगावरची शाल डोक्यावरून पदरासारखी घेतली, माझ्या हातातला माइक ओढला आणि अशा आवाजात बोलले, की त्यांच्या पांढऱ्या मिशीवर कोणाचा विश्वास बसेना: "अहो धनी! मला अशी भरल्या मांडवात टाकून कुठं निघालात?"

शेठजी पायरीवरच थबकले. डॉक्टर पुढं सरकले, पदर दातांत धरला. "जायचं तर जा, पण माझी काय चूक झाली ते सांगून जा!"

शेठजींचं पोट आधी हललं. मग खांदे. मग ते पायरीवरच बसले आणि डोळे पुसत हसायला लागले. "डॉक्टर, लेका, तू अजून तसाच हायेस!"

"ऐका," डॉक्टर आपल्या आवाजात म्हणाले. "आज भाषणच करायचं नाही. भाषण नाही, तर अध्यक्ष नाही. कलेचं काम आहे ना? ज्याला जे येतं ते त्यानं करावं. या वर."

शेठजी वर आले. भजनी मंडळाची खंजिरी मागून घेतली आणि भजन सुरू केलं. हातात कायम कापसाचा नमुना घेतलेला हा माणूस असा गळा बाळगून आहे हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नसावं. तो जीपचं दार धरून तसाच उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला त्यानं ते लावून घेतलं.

मग बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि उभ्यानं वाचायला लागल्या. एका बाईच्या घरात चोर शिरतो, ती जागी होते आणि त्यालाच चहा विचारते, अशी गोष्ट. अख्खं मैदान कान देऊन ऐकत होतं. चोरानं कप तोंडाला लावला, तेवढ्यात दारावर थाप पडली, आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

"पुढं?" शेठजीच सगळ्यांत आधी बोलले. "दारावर कोण व्हतं?"

"पुढचं वाचनालयात वाचायचं असतं," बाई म्हणाल्या. "आपल्या वाचनालयाला जागा नाही."

"हाये ना!" शेठजी उठून माइकशिवायच गरजले. "गोदाम गावाचं झालं! आतापासून! आता सांगा बाई, कोण व्हतं?"

"गोदामात सांगते."

मग काय विचारता! गाव उठलं. कोणी सतरंजी घेतली, कोणी लाल खुर्ची डोक्यावर घेतली. भजनी मंडळ टाळ वाजवत पुढं, मागं शेठजी, शाल डोक्यावर तशीच ठेवलेले डॉक्टर, आणि थोरल्या मुलाच्या जीपमध्ये बाई. बस स्टँडवर एसटी थांबवून ड्रायव्हर विचारायला लागला, "कोणाचं लग्न हाये?" माझी बायको म्हणाली, "वाचनालयाचं!"

शेठजींनी स्वतः कुलूप काढलं. आत सरकीचा जुना तेलकट वास. बाई मधोमध बसल्या, पान उघडलं, आणि दारावर चोराची आई होती, हे वाचून दाखवलं. एवढा हशा आणि एवढ्या टाळ्या झाल्या, की छताच्या तुळयांवर साचलेला कापूस सुटून खाली यायला लागला. शेठजींच्या टोपीवर, डॉक्टरांच्या पदरावर, बाईंच्या उघड्या पुस्तकावर. मला शिंका सुरू झाल्या.

"शिंकायचं तर बाहेर जा," पुस्तकातून मान वर न करता बाई म्हणाल्या.

बाहेर जायला वाट कुठं होती? दारापर्यंत माणसंच माणसं होती.