कुकरची सोंड

सीताराम कांदळगावकरांनी व्हायोला टीचरच्या बालवाडीतली सगळीच्या सगळी माती एका सकाळी देवाच्या नावाने करून टाकली. हेतू चांगला होता. त्यांचे सगळेच घोटाळे चांगल्या हेतूने होत.

परळच्या एका चाळीत तळमजल्याला ही बालवाडी. टीचरचा नियम असा, की आजी-आजोबांनी खुशाल खिडकीजवळच्या बाकावर बसावं, मुलं कशी रमतात ते बघावं, पण हात मांडीवर. गणपतीच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

त्या दिवशी त्यांची नात जुई शाडूच्या गोळ्यात गुंतली होती. थापत होती, मोडत होती, पुन्हा थापत होती. श्रावणाचे दिवस. सीतारामना गोळ्यात पोट दिसलं, वरच्या बोंडात सोंड दिसली, आणि अंगठा कधी फिरला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बाप्पा झाला. बाकीची मुलंही आपापले गोळे घेऊन आली. टीचर आतून येईपर्यंत वर्गाचा कारखाना झालेला, आणि मुलं गिऱ्हाइकांसारखी हाताची घडी घालून उभी.

जुई तेवढी म्हणाली, "तो आज्जीचा कुकर होता. ती शिटी होती."

आता झालेला गणपती मोडायचा कोणी? टीचर पडल्या ख्रिश्चन, त्या तर बोटही लावीनात. शेवटी सीतारामनीच बादलीत विसर्जन केलं आणि माती सुकवून, मळून परत आणून दिली. मुलं तुटून पडली. जुईने आपला गोळा आजोबांपुढे सरकवला.

"तूच कर, आजोबा. तुला छान येतं."

हेच त्यांचा मुलगा राजेश लहानपणी म्हणाला होता. त्याच्या घोड्यांचे वाकडे पाय सीताराम लाडाने सरळ करून देत. त्यांना ते कौतुक वाटलं. अख्ख्या लालबागेत सांगत सुटले होते. राजेशने पुढे मातीला हात लावला नाही. आता कारखान्यात येतो तो पाहुण्यासारखा, दारात चपला काढून, शर्टाला रंग लागणार नाही अशा बेताने.

आठवडाभर सीताराम बाकावर हात मांडीखाली दाबून बसले. जुई मातीकडे बघायची, मग त्यांच्याकडे, आणि न मळलेले हात फ्रॉकला पुसायची. घरी मात्र आजीच्या परातीतल्या पिठाचे हत्ती, बस, काय वाटेल ते. आजीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या मोदकांना धड कळ्या पडत नसत. ती नुसती हसायची.

शनिवारी मुलं गेल्यावर सीताराम टीचरजवळ घुटमळले. म्हणाले, "टीचर, सोमवारपासून हात खिशात घालून बसतो. शपथ. मग घेईल ना ती माती हातात?"

टीचर चटया गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी आजीला पाठवा."