दिवेलागणीचा भैरव

मंडळी, आत्ताच घरी आलोय.

आज बाड्याच्या चौकाजवळच्या सरदारांकडे मोठ्या खाँसाहेबांचं गाणं होतं. त्यांच्या आधी थोडा वेळ गायला गुरुजींनी मला बसवलं. मी जीव ओतून यमन गायलो. संपवणार तेवढ्यात कारभारी कानाशी लागले, "खाँसाहेबांचा टांगा अजून आला नाही. बैठक रिकामी ठेवू नका, गात राहा!"

गाऊ काय? आमच्याकडे गुरुजींनी दिलेलाच राग गायचा असतो. मला दोनच मिळालेत, यमन आणि भैरव. भैरव पहाटेचा, आणि इथे तर समोर दिवे लावणं चाललेलं! यमनच पुन्हा धरला, पार पिळून काढला. टांगा येईना. लोक जांभया द्यायला लागले. घसा सुकला, डोकं चालेना, आणि मी सरळ भैरव सुरू केला.

"अरे भई, सबेरा हो गया, चलो!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळी बैठक हसली.

गुरुजी हसले नाहीत. मी गात असतानाच ते उठले, माझ्या मागचा तानपुरा काढून घेतला आणि त्यावर कापडी गवसणी चढवली.

उद्या पहाटे तालीम आहे, भैरवाचीच. सांगा, कोणत्या तोंडाने जाऊ?