तबेल्याजवळचं वळण

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी माझ्या बाईकवर मागे बसून गोरेगावहून पवईला कामावर येतात. आरेच्या रस्त्यावर त्यांची बडबड अखंड चालू असते. सुरमई किती महागली, सुनेने ती कशी जास्त तळली. वळण आलं की मात्र वाक्य अर्ध्यातच तुटतं आणि माझा खांदा घट्ट धरला जातो. रस्ता सरळ झाला की तेच वाक्य तिथूनच पुढे.

ब्रेक वळणाआधी मारायचा, नजर वळण संपतं तिथे ठेवायची, हे मी त्यांना कितीदा ऐकवलंय. स्वतः मात्र साठने घुसतो आणि बाईक कलल्यावर ब्रेक दाबतो. त्या नुसतं "हो रे" म्हणतात.

काल तबेल्याजवळच्या वळणाआधी त्या म्हणाल्या, "थांब जरा. तू हो पुढे, मी चालत येते."

"अहो काकू, काय हे! लोक बघतायत."

"तुझं बरोबरच असेल रे. माझेच पाय कापतात."

ते वळण मी पहिल्यांदाच हळू घेतलं आणि पलीकडे मान खाली घालून उभा राहिलो. काकू डब्याची पिशवी सांभाळत आल्या, मागे बसल्या आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "मागून बघत होते मी. किती छान घेतलंस आज!"