घरचा इस्तू

हौसा गेली तेव्हा मी गॅसच्या गाडीची वाट बघत चावडीपुढं बसलो होतो. महिनाभर टाकी वेळेवर येत नव्हती. लांबच्या कुठल्या मुलखात काय बिघडलं की आमच्या कडेगावच्या बाजूला रांग लागते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. टाक्या रांगेनं उन्हात उभ्या आणि माणसं लिंबाखाली सावलीला. तिथं शेजारचा किसन आला. लांबूनच म्हणाला, "अण्णा, घराकडं चला." त्याच्या तोंडाकडं बघून मी समजलो. खरं सांगतो, मनात पहिला शब्द आला तो 'सुटली'. रडू नंतर आलं. बायको वर्षभर बसून झोपत होती. आडवी झाली की दम कोंडायचा. ती घरघर ऐकत मी शेजारी पडून असायचो... ती थांबली, आणि मला बरं वाटलं. सवाष्ण गेली म्हणून बाया तिला भाग्याची म्हणत होत्या. भाग्य कसलं, श्वास मिळत नव्हता तिला.

कराडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून विचारलं होतं, "आजी, बिडी ओढता का?" हौसा म्हणाली, "बिडी ह्यो म्हातारा वढतो. मी चूल वढली." डॉक्टर हसला नाही. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडं मेंढरं होती. माळावरच्या बाभळीच्या फांट्या आणि शेणी, एवढंच जळण. पावसाळ्यात ओलं जळण नुसतं धुमसायचं. पदर डोळ्याला लावून ती भाकरी थापायची, आणि आम्ही बाहेर बसून 'अजून झालं न्हाई व्हय' म्हणून विचारायचो. रेशनचं रॉकेल मिळायचं ते कंदिलात जायचं, स्टोव्ह फक्त पाहुण्यांच्या चहाला. गॅस आला तोवर तिची छाती भरून गेली होती. सरकारनं टाकी दिली, चांगलं केलं. लवकर दिली असती तर आणखी चांगलं झालं असतं. आणि दिलीच आहे तर ती वेळेवर भरून पण यावी. रिकामी टाकी कोपऱ्यात ठेवून बाई पुन्हा चुलीपुढं बसते, हे मी आमच्याच आळीत बघितलंय.

डॉक्टरनं धूर बंद सांगितला तशी घरातली चूल मोडली. परसातली अंघोळीच्या पाण्याची मात्र तिनं मोडू दिली नाही. मग ते काम माझ्याकडं आलं. ती लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून हुकूम सोडायची. "आवं, तोंडानं फुंकू नगा, फुंकणी घ्या. तुमचं बी फुफ्फुस घालवताय का?" जेवणं झाली की इस्तू, म्हणजे चुलीतला जिवंत निखारा, राखेखाली पुरायचा, सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायची. सासूनं तिला लावलेली सवय. म्हणायची, "शेजारणी माझ्याकडनं इस्तू न्यायच्या, मी कवा कुणाच्या दारात गेले न्हाई." मी वैतागून एकदा म्हणालो, "काडेपेटी हाय की घरात." तर म्हणाली, "काडेपेटी तुमच्या बिडीला. मी मेल्यावर माझ्या पुढच्या मडक्यात घरचा इस्तू पायजे. का गॅसचं बटन पिरगाळून न्हेणार मला?" आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिला ठसका लागला आणि मी तिची पाठ चोळत बसलो.

त्या दिवशी सांगलीहून पोरगा दत्ता येईपर्यंत बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. मडकं आलं. भावकीतला एकजण म्हणाला, "इस्तू आणा." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आख्ख्या आळीत गॅस, टाकी संपलेल्यांच्या चुलीही सकाळीच विझलेल्या, कुणाच्या घरात निखारा असणार? एक बाई म्हणाली, "गॅसवर शेणी धरू का?" दुसरा कापूर शोधायला निघाला. मी म्हणालो, "थांबा जरा." आणि परसात गेलो. आदल्या रात्री मी तिला पाठीमागून धरून बसलो होतो, सकाळी चूल पेटवलीच नव्हती. इस्तू पुरला का नाही, काही आठवेना. एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडं मागितली होती. चुलीपुढं बसलो आणि काडीनं राख उकरली... वर गार. आणखी उकरली, गारच. मग खाली शेणीचा तुकडा लागला. फुंकर घातली, तर लाल. मी तिथंच बसून रडलो. कधी पुरला होता, मला अजून आठवत नाही. हाताला सवय झाली होती, दुसरं काय. दत्ता मडकं धरून पुढं चालला, धूर मागं माझ्याकडं येत होता, आणि माझ्या मनावरचा धोंडा उतरला होता. तिचं तिला मिळालं.

रांगेत राहिलेली टाकी किसननं भरून आणून दिली. दिवसकार्य झाल्यावर सून म्हणाली, "मामा, ही चूल आता मोडूया का? धूर कुणाला पायजे?" मी म्हणालो, "धूर कुणालाच नगं. सैपाक गॅसवरच करा. पर चूल ऱ्हाऊ द्या." मग दत्ताला परसात नेऊन बसवलं आणि शेणीवर राख किती जाड घालायची ते दाखवलं. तो म्हणाला, "अण्णा, सांगलीला आमच्या फ्लॅटमधी राख कुठली?" म्हणालो, "तितं नगं. माझ्या येळंला हितं यशील तवाच्यासाठी सांगतोय." तो समजला. खाली मान घालून त्यानं राख सारखी केली.

आता पहाटेचा चहा मी गॅसवर ठेवतो आणि परसात जाऊन राख उकरतो. लाल दिसलं की जिवाला बरं वाटतं. वाकून फुंकर घालणार, एवढ्यात मागं वाऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी बसलंय असं वाटतं... मग मी फुंकणी घेतो.